डाव्या अंगाने उघडे राहिलेले जहाज

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका लागत असे. आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या घरी आम्ही मुले दाटीवाटीने बसायचो. इंग्रजी संवाद फारसे कळत नसत. पण सुरुवातीलाच काळ्या आकाशातून एक जहाज सरसरत जायचे. पुढे भलीमोठी थाळी, तिच्याखाली नळकांड्यासारखे धड आणि मागे उंचावलेल्या दोन लांब नळ्या. त्याचे नाव ‘एंटरप्राइज’. तेवढे पाहिले की आमचा रविवार सार्थकी लागायचा.

ते जहाज लाकडाचे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आणि खरे सांगतो, हिरमोड झाला नाही. उलट ते मला जास्त जवळचे वाटू लागले. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

सन 1964. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांना जहाजाचे चित्र काढायला सांगितले. अट अशी की पंख नकोत, रॉकेट नको, मागून निघणाऱ्या ज्वाळा नकोत. तरी जहाज बलवान दिसले पाहिजे. म्हणजे काय नको ते ठरले होते, काय हवे ते कुणालाच ठाऊक नव्हते. जेफरीज दुसऱ्या महायुद्धात बी-17 बॉम्बफेकी विमानांवर काम केलेले गृहस्थ. त्यांनी व्यवहारी विचार केला. अंतराळात बाहेर जाऊन दुरुस्ती करणे जिवावरचे काम. तेव्हा यंत्रे आतून दुरुस्त होतील अशी ठेवायची आणि बाहेरचे अंग गुळगुळीत. या विचारातून ते साधे, सुबक रूप आले.

चित्र झाले, आता वस्तू हवी. रिचर्ड डेटिन या कारागिराने आधी 33 इंचांची छोटी प्रतिकृती केली. ती पसंत पडल्यावर मोठीचे काम कॅलिफोर्नियातील बरबँक गावच्या एका कारखान्यात सुरू झाले. कारखान्याचे मालक वोल्मर जेन्सन. हा माणूस मुळात विमानवेडा. हौशी लोकांना घरच्या घरी बांधता येईल, जमिनीवर आणि पाण्यावरही उतरेल, असे छोटे विमान त्याने तयार केले होते. त्याच्याकडे मेल कीज आणि व्हर्न सायन हे कारागीर होते. डिसेंबर 1964 च्या अखेरीस जहाज तयार झाले. लांबी 11 फुटांहून थोडी जास्त, वजन सुमारे 200 पौंड, म्हणजे 90 किलो. बरेचसे पॉपलरचे लाकूड, नळ्यांसाठी गोल वळवलेला पत्रा आणि तापवून साच्यावर ओढून घेतलेले प्लास्टिक.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुढे 1977 च्या ‘स्टार वॉर्स’साठी कारागिरांनी बाजारात मिळणारे रणगाड्यांचे आणि मोटारींचे प्लास्टिक संच विकत आणले आणि त्यांचे तुकडे जहाजांच्या अंगावर चिकटवले. त्याने यंत्रांची गर्दी झटकन दिसते. एंटरप्राइजच्या वेळी असे काही केले नव्हते. फळीवर रेघ मारण्यापासून सगळे हाताने.

एवढे मोठे कशाला? लहान वस्तूच्या जवळ कॅमेरा नेला की ती खेळण्यासारखी दिसते. कथेतले जहाज 947 फुटांचे आणि त्यात चारशेवर माणसे. ते भव्य वाटायचे तर प्रतिकृतीही ऐसपैस हवी. ती निळ्या पडद्यासमोर एका खांबावर घट्ट बसवलेली असे आणि कॅमेरा रुळांवरून तिच्याकडे सरकत जाई. आम्ही ज्या वेगाने थरारून जायचो, तो वेग कॅमेऱ्याचा होता. जहाज जागचे हललेही नव्हते!

सुरुवातीला जहाजात दिवे नव्हते. नंतर खिडक्या उजळायचे ठरले आणि विजेच्या तारा आत न्याव्या लागल्या. त्या डाव्या अंगाने नेल्या. मग डावी बाजू रंगवण्यात, सजवण्यात अर्थच उरला नाही. चित्रण नेहमी उजव्या बाजूने. जहाज उलट दिशेने जाताना दाखवायचे असले तर अंगावरची अक्षरे उलटी चिकटवून चित्रण करायचे आणि फिल्म उलटवून घ्यायची. नळ्यांच्या टोकाला जे लालसर, गरगरणारे तेज दिसे, ते नाताळच्या झाडावर लावतात तसल्या दिव्यांचे, आरशाच्या तुकड्यांचे आणि एका लहान मोटारीचे. नाटकाच्या सेटची पाठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. पुढून राजवाडा, मागून खिळे आणि गोणपाट.

डेटिन आणि त्यांच्या साथीदारांची नावे त्या मालिकेच्या पडद्यावर झळकली नाहीत. मला आमच्या गावातले मोहरमचे ताबूत आठवतात. बांबूच्या कामट्या, खळ, रंगीत कागद, बेगड. रात्र रात्र बसून हिंदू-मुसलमान पोरे मिळून ते उभे करीत. दहाव्या दिवशी ताबूत थंडे होत. कुणी केला हे दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नसे. त्या मुक्कामी पोचण्यासाठीच ताबूत असतो. चित्रपटाच्या वस्तूंचेही बहुधा तसेच. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या 1968 च्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’साठी ‘डिस्कव्हरी’ हे जहाज सुमारे 54 फूट लांबीचे बांधले होते. ते आज कुठेही नाही.

एंटरप्राइजचे नशीब वेगळे. मालिका 1969 मध्ये बंद पडली. 1974 मध्ये ते जहाज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाला देणगी म्हणून मिळाले. आले तेव्हा काही भाग हरवलेले. दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून नासाच्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले. आणि गंमत पाहा, ते खरेखुरे शटल चाचणीपुरतेच उडाले, अंतराळात कधी गेलेच नाही. लाकडी एंटरप्राइज मात्र पडद्यावर का होईना, ताऱ्यांपर्यंत पोचले.

संग्रहालयात त्याची डागडुजी झाली ती 1974, 1984 आणि 1991 मध्ये. हेतू चांगलाच. पण दर वेळी नवा हात फिरला, नवा रंग चढला. 1991 च्या रंगकामावर चाहते नाराज झाले. हे आमचे जहाज नव्हे म्हणाले. जुन्या बाडाची नक्कल करणारा एखादा शब्द ‘सुधारून’ जातो आणि मूळ कवीचा शब्द हरवतो, तसेच हे. तेव्हा 2014 मध्ये पुन्हा काम काढले. या वेळी संग्रहालयाने ठरवले, जहाज 1967 च्या ऑगस्टमध्ये जसे होते तसेच दिसले पाहिजे. क्ष-किरणांनी आतले लाकूड तपासले. चाहत्यांकडून जुने फोटो मागवले.

पण मूळ रंग नेमका कोणता, हे कसे ठरवायचे? उत्तर जहाजावरच होते. थाळीचा वरचा भाग आधीच्या दुरुस्त्यांत कुणी रंगवला नव्हता. तिथे साठच्या दशकातला मूळ राखाडी रंग तसाच शिल्लक होता. त्याच्यावरून बाकीचा रंग जुळवला. 1 जुलै 2016 रोजी जहाज संग्रहालयाच्या मुख्य दालनात मांडले गेले.

आणि ती 33 इंचांची पहिली प्रतिकृती? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती कुणाला तरी उसनी दिली आणि नाहीशी झाली. 2023 मध्ये ती इंटरनेटवर विक्रीला निघालेली आढळली. 2024 मध्ये रॉडनबेरींच्या मुलाकडे परत आली. पंचेचाळीसेक वर्षांचा वनवास!

चार कारागीर, थोडे लाकूड, थोडा पत्रा. टीव्हीपुरते केलेले काम म्हणून त्यांनी डावी बाजू उघडीच ठेवली. हे काम साठ वर्षे टिकेल, त्याला क्ष-किरण लावून पाहतील, असे त्यांच्या स्वप्नातही नसेल. तरी उजव्या बाजूत त्यांनी कसूर ठेवली नाही. ती पाहायला शेजारच्या काकूंच्या घरी कितीतरी मैलांवर आम्ही पोरे बसलो होतो, हेही त्यांना कधी कळले नाही. त्यांची नावे आज मी मुद्दाम घेतली. पुन्हा घेतो : रिचर्ड डेटिन, मेल कीज, व्हर्न सायन, वोल्मर जेन्सन.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)