हुंडी, पेढी आणि १८६५ चे अरिष्ट

बँक बुडते ती नेहमी मालमत्तेच्या अभावीच बुडते असे नाही. मागणीच्या क्षणी हाती रोकड नसली तरीही ती बुडते. वेळेवर रोकड उभी करण्याच्या या क्षमतेस अर्थशास्त्रात ‘रोखता’ म्हणतात. व्यापारी परंपरा असलेल्या आपल्या समाजाला हे तत्त्व ग्रंथांतून नव्हे, तर पेढीवरच्या अनुभवातून ज्ञात होते. दर्शनी हुंडी दाखविताच रक्कम द्यावी लागे. मुदती हुंडी ठरल्या दिवशी. त्याआधी पैसा हवा असल्यास सराफ कसर कापून ती वटवीत असे. कापसाच्या हंगामात पैशाला मागणी येऊन व्याज चढे, पावसाळ्यात ते उतरे. अशा वेळी पेढीची पत तिच्या तिजोरीतील रोकडीवर जोखली जाई.

मुंबईत १८४० साली ‘बँक ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. त्या पैशातून नव्या कंपन्यांचे पेव फुटले. बॅक बे भरावाच्या कंपनीचा रु. ५,००० भरणा झालेला शेअर रु. ५०,००० च्या पलीकडे गेला. १८६३ च्या कायद्याने बँकेस शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. सुरतेत जन्मलेले जैन धर्मीय शेठ प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचा शब्द त्या काळी बँकेत प्रमाण मानला जाई.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी देणेकरी असंख्य आणि रोकड नाही, अशी स्थिती झाली. बँकेजवळ तारण होते, पण त्यास गिऱ्हाईक नव्हते. १८६८ मध्ये बँक विसर्जित झाली व त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. तिच्यासह तीन प्रेसिडेन्सी बँकांचे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत एकीकरण झाले. अडचणीच्या वेळी चांगल्या तारणावर रोकड पुरविणारी मध्यवर्ती संस्था, रिझर्व्ह बँक, मात्र १ एप्रिल १९३५ रोजी आली. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १ जुलै १९५५ रोजी, त्या काळ्या दिवसानंतर बरोबर नव्वद वर्षांनी.

प्रेमचंद शेठांचे वैभव त्या अरिष्टात लयास गेले. परंतु १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोऱ्यासाठी दिलेले चार लाख रुपये आधीच दान झाले होते. मातेच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि आजही उभा आहे.

परिग्रह-परिमाण व्रत श्रावकास संचयाची मर्यादा आखण्यास सांगते. परक्याचा पैसा सांभाळणाऱ्यास, मग ती बँक असो वा धर्मादाय न्यास, मर्यादेचे हे भान अधिकच आवश्यक आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात स्थायी निधीचा विचार करताना त्यावर व्याज किती मिळेल एवढेच पाहून चालणार नाही. गरजवंत दारी येईल त्या दिवशी तो हाती येईल काय, हेही पाहावयास हवे.