टाका पाय!

आमच्या संभाजीनगरला समुद्र नाही. तो मला आजीच्या गोष्टींतून कळला. तिचं माहेर हर्णैचं. तेव्हा मुंबईहून कोकणात आगबोटीने जायचं. पण हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात नांगर टाकायची. मग हलत्या पडावात उतरायचं. लाटेने पडाव वर आला की खलाशी ओरडायचा, "टाका पाय!" गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांना तो हातांवर झेलायचा. पुढे उथळ पाण्यातून खांद्यावर किनारा.

त्या एका पावलाच्या भीतीने पणजी लेकीकडे मुंबईला कधी आलीच नाही.

2016चा दिव्यांग हक्क कायदा वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. पणजीच्या काळी ती एका खलाशाच्या दंडांवर होती.