न वाचता आलेले पत्र

दिवाळी सरली की आमच्या गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर दंडार रंगते. पाटीवर कधी अक्षर न गिरवलेले गायक इतकी गाणी मुखोद्गत कशी ठेवतात, याचे लहानपणी मला मोठे नवल वाटे. पुढे वामनदादा कर्डकांची हकिगत कळली आणि ते नवल आदरात बदलले.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी जन्मले. घरी दारिद्र्य, शाळा घडली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, मिळेल ती मजुरी केली. तिथे एकदा कुणी पत्र वाचायला दिले. वाचता येईना, तरणाताठा माणूस ओशाळून रडला. मग त्यांनी मुळाक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. १९४३ साली पहिले गाणे रचले आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गात गात खेडोपाडी नेला. १५ मे २००४ रोजी ते गेले, तेव्हा महाराष्ट्राचा लोककवी गेला.

निरक्षरांसाठी गाणे कसे रचावे, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. यंदा मंडईत एखाद्या गायकाला अडाणी म्हणण्यापूर्वी मी ते पत्र आठवीन.