नदी, कापूस आणि सेवाग्राम : वर्धा जिल्ह्याच्या जडणघडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याचे नाव उच्चारताच सेवाग्राम आणि महात्मा गांधी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि गांधीजींचे या जिल्ह्यातील वास्तव्य प्रामुख्याने १९३४ ते १९४६ या काळातील होय. त्या एका तपाच्या तेजाने जिल्ह्याचा मागचा-पुढचा इतिहास झाकोळून गेला आणि सेवाग्राम हे जणू भूमीशी संबंध नसलेले एक तीर्थस्थान ठरले. वस्तुतः सेवाग्रामचा प्रयोग ज्या मातीत झाला, त्या मातीची नदी, तिचा कापूस आणि तिची जमीनव्यवस्था लक्षात घेतल्याशिवाय त्या प्रयोगाचा अर्थ पूर्णपणे उमगत नाही. या दृष्टीने जिल्ह्याच्या जडणघडणीचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सुमारे ६,३०९ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा नदी जिल्ह्याच्या पश्चिमेची सीमा आखते. पलीकडे अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे आहेत. धाम, बोर, यशोदा आणि वणा या नद्यांनी अंतर्भाग सिंचला आहे.

उत्तरेकडील आर्वी, आष्टी व कारंजा हा डोंगराळ भाग सातपुड्याच्या उपरांगांनी व्यापलेला असून, येथील गवळी समाजाने गवळाऊ ही चपळ गोवंशाची जात जोपासली. मराठ्यांच्या काळात लष्करी वाहतुकीसाठी या बैलांना मोठी मागणी असे. दक्षिणेकडे हिंगणघाट-समुद्रपूरकडे मात्र बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी, ओल धरून ठेवणारी सपाट जमीन पसरली आहे. जिल्ह्याच्या अर्थकारणाचे बीज याच जमिनीत आहे.

सीमारेषा झालेली नदी

धाम नदीकाठचे पवनार हे जिल्ह्यातील प्राचीन स्थळ होय. डॉ. वा. वि. मिराशी यांनी वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार असे मत मांडले. काही अभ्यासक हा मान रामटेकजवळील मनसरला देतात. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनार येथे उत्खनन केले. मोगल काळात पवनार हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण होते, म्हणजे त्या काळी नदीचे दोन्ही काठ एकाच सुभ्यात मोडत होते.

नदीला राजकीय सीमेचे रूप आले ते १८०३ नंतर. देवगावच्या तहान्वये नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरील हक्क सोडावे लागले आणि तो निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. त्याच वर्षी तिसरे रघूजी भोसले निधन पावले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले. अशा रीतीने दोन्ही काठ एकाच सत्तेखाली आले, परंतु कारभार मात्र वेगळाच राहिला. वऱ्हाडात रयतवारी पद्धतीने थेट शेतकऱ्याशी जमाबंदी झाली, तर वर्धेच्या बाजूस गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना जमिनीचे मालकीहक्क देण्यात आले. एकाच मातीत, एकच पीक घेणारा कुणबी नदीच्या अलीकडे मालगुजाराच्या गावात आणि पलीकडे सरकारचा खातेदार म्हणून राबत होता. हा भेद पुढील शतकभराच्या सामाजिक इतिहासास कारणीभूत ठरला.

कापसाने घडविलेला जिल्हा

१८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्याचा काही भाग वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. प्रारंभी मुख्यालय पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी या लहानशा खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविले गेले. या घटनांची कालसंगती लक्षणीय आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस थांबला होता. इंग्रजांची दृष्टी काळ्या मातीच्या या टापूकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. पुढे वर्ध्याहून हिंगणघाट-वरोऱ्याकडे फाटा निघाला आणि १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला.

हिंगणघाटच्या बाजारपेठेचा ‘बनी’ कापूस तलम धाग्यासाठी विलायतेत नावाजलेला होता. परंतु पुढील काळात जाड्याभरड्या, पण जिनिंगमध्ये रुईचा उतारा अधिक देणाऱ्या वाणांनी त्याला मागे सारले. चांगल्या धाग्याचा पुरेसा भाव शेतकऱ्याच्या हाती पडत नव्हता. मग उतारा पाहून पेरणी करणे हाच त्याचा व्यवहार ठरला. वाण कोणता पेरावा याचा निर्णय शिवारातून बाजाराकडे सरकल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. याच काळात हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि राजस्थानातून आलेली व्यापारी घराणी येथे स्थिरावली.

सेवाग्राम : कापसाच्या मुलखातील प्रयोग

बच्छराज बजाज यांच्या अशाच एका घराण्यात दत्तक आलेले जमनालाल बजाज हे गांधीजींना वर्ध्याला आणणारे दुवे ठरले. त्यांच्या आग्रहावरून १९२१ मध्ये विनोबा भावे वर्ध्यात आले. १९२८ मध्ये बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभे केले. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. हे गाव बजाजांच्या मालगुजारीतील होते आणि तेथील वस्ती बहुसंख्येने दलितांची होती. पुढे १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. १९३७ मध्ये वर्ध्यातच नई तालीमची परिषद भरली आणि जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने ‘छोडो भारत’चा ठराव येथेच मंजूर केला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे जनतेने पोलीस ठाण्यावर केलेल्या उठावात दोन्ही बाजूंची माणसे मृत्युमुखी पडली. अहिंसेच्या केंद्रापासून जवळच घडलेला हा प्रसंग जिल्ह्यातील जनतेच्या स्वतंत्र वाटचालीची साक्ष देतो.

कच्चा कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन महाग परत येतो, या व्यवस्थेचा अनुभव जिल्ह्याने सात दशके घेतला होता. चरखा आणि ग्रामोद्योग यांचा विचार त्या अनुभवावरील उत्तर म्हणून वाचला पाहिजे. जमिनीचा प्रश्नही येथूनच पुढे गेला. मार्च १९५१ मध्ये विनोबा पायी निघाले. त्याच यात्रेत एप्रिलमध्ये तेलंगणात भूदानाचा जन्म झाला. योगायोग असा की मालगुजारी संपुष्टात आली तीही त्याच मार्चच्या अखेरीस.

स्वातंत्र्योत्तर वाटचाल

१९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झालेल्या या जिल्ह्यात सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय (१९६९) आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय (१९९७) या संस्था उभ्या राहिल्या. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु कापूस उत्पादकाची स्थिती बिकट होत गेली. बियाणे, खते, कीटकनाशके यांचा खर्च वाढला आणि कोरडवाहू शेतीतील जोखीम मात्र पूर्वीइतकीच राहिली. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या विशेष पॅकेजमध्ये विदर्भातील सहा जिल्हे होते. त्यांपैकी पाच अमरावती विभागातील आणि सहावा वर्धा. राजकीय सीमा कोणतीही असो, संकटाच्या बाबतीत नदीचे दोन्ही काठ पुन्हा एकत्र आले होते.

समारोप

वर्धा जिल्हा प्रशासनाने आखला असला तरी त्याला घडविले ते नदीने, काळ्या मातीने आणि कापसाने. बनी वाणाच्या ऱ्हासात, मालगुजारीत, मगनवाडीच्या प्रयोगात आणि २००६ च्या पॅकेजमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा आहे : कापूस पिकविणाऱ्याच्या हाती त्याच्या श्रमाचे मोल किती पडते? हा प्रश्न वगळून सेवाग्रामचा अभ्यास केला तर कुटी उरते, गाव दिसेनासे होते. जिल्ह्याच्या स्थानिक इतिहासाच्या अध्ययनात आश्रमाची दैनंदिनी आणि गावाचे पेरेपत्रक ही दोन्ही एकत्र वाचली जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.