वाड्यांतल्या शाळा

1818 साली पेशव्यांचा अंमल उठला आणि पुण्यातील सरदार-मुत्सद्द्यांचे प्रशस्त वाडे निस्तेज झाले. ज्या शहराचे वैभव दफ्तर, फौज आणि दरबार यांवर उभे होते, त्याने नव्या राजवटीत पाट्या-पुस्तकांच्या आश्रयाने आपली प्रतिष्ठा पुन्हा मिळवावी, ही अव्वल इंग्रजीतील पुण्याची खरी कहाणी आहे. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेचा काही अंश विद्यादानाकडे वळवून कंपनी सरकारने 1821 मध्ये, खुद्द दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधविलेल्या विश्रामबागवाड्यात, संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे तिच्यातूनच पूना कॉलेज आणि डेक्कन कॉलेज यांची परंपरा निघाली.

परंतु सरकारी मेहेरबानीवाचून, एतद्देशीयांच्या हिमतीवर चालणारे हायस्कूल हा निराळाच पराक्रम होता. सरकारी शिक्षकाच्या नोकरीचा राजीनामा देऊन विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्यास आले आणि जानेवारी 1880 मध्ये, टिळक व नामजोशी यांच्या साहाय्याने, त्यांनी बुधवारातील मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. ज्यांना सरकार-दरबारी सहज मोठी जागा मिळाली असती, अशा या पदवीधरांनी शाळामास्तरकी पत्करावी, याचा अर्थ आज आपल्या नीट ध्यानात येत नाही. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाल्यावर, दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याची जी प्रतिज्ञा आजीव सभासदांना घ्यावी लागे, तिच्यात या निर्धाराचे मोल अगदी रोकडे दिसते. टिळक गणित शिकवू लागले की खडू-फळ्याकडे फारसे न वळता उदाहरण तोंडीच सोडवून दाखवीत. बुद्धिमान विद्यार्थ्यांना त्यात आनंद वाटे, मंदगतींची मात्र दमछाक होई. आपट्यांनी अध्यापन व व्यवस्थापन सांभाळून संस्कृत-इंग्रजी कोश सिद्ध केला, तर पुढे येथेच शिक्षक झालेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे अंकगणित महाराष्ट्रातील मुलांच्या दप्तरात वर्षानुवर्षे राहिले. माझ्या मते या शाळेचे मोठेपण तिच्या नामांकित विद्यार्थ्यांहूनही तिच्या शिक्षकांत अधिक होते.

वामन प्रभाकर भाव्यांच्या स्मरणार्थ पुढे भावे स्कूल म्हणून ओळखली गेलेली पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही न्यू इंग्लिश स्कूलच्याही आधीची. मुलींच्या हायस्कुलाला मात्र 1884 उजाडावे लागले. रानडे, भांडारकर आणि वामनराव मोडक यांच्या पुढाकाराने काढलेली ती शाळा पेशव्यांच्या खास घोड्यांच्या पागेच्या जागेवर स्थिरावली म्हणून तिला ‘हुजूरपागा’ हे नाव कायमचे चिकटले. मुलींना असे इंग्रजी धाटणीचे शिक्षण देण्यावर टिळकांनी आपल्या वृत्तपत्रांतून कडक टीका केली. ज्यांनी मुलांसाठी एवढा स्वार्थत्याग केला, त्यांनी मुलींच्या शाळेला विरोध करावा, ही गोष्ट त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखूनही खेदाचीच म्हटली पाहिजे. पुढे याच शाळेच्या वसतिगृहात लहानग्या इरावती कर्वे राहिल्या आणि शकुंतला परांजपे त्यांच्या वर्गमैत्रीण झाल्या.

या साऱ्या उद्योगाकडे पुण्यातच एक दुसरी, अधिक कठोर दृष्टी होती. जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली होती आणि सावित्रीबाईंनी तेथे शिकविताना लोकांचा छळ सोसला होता. 1882 साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन आले, तेव्हा त्याच्यापुढे फुल्यांनी दिलेली साक्ष पुण्याच्या प्रत्येक शाळेने वाचावी अशी आहे. सरकारचा वसूल बहुतांशी रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांनाच होतो, असे सांगून त्यांनी प्राथमिक शिक्षणाची हेळसांड उघड केली. वाड्यांच्या दिंड्या विद्येसाठी उघडल्या खऱ्या, पण त्या कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. आणि पुण्याच्या विद्वान मंडळींनी त्याचे समर्पक उत्तर फार काळ दिले नाही.

ते उत्तर पुढे अन्य हातांनी मिळाले. फुल्यांच्या साक्षीनंतर छत्तीस वर्षांनी, 1918 साली, बाबुराव जगताप यांच्या खटपटीने पुण्यात बहुजनांच्या मुलांसाठी श्री शिवाजी मराठा हायस्कूल निघाले. पुण्याच्या विद्यालयांचा इतिहास लिहिणाऱ्याने न्यू इंग्लिश स्कूलला जितकी पाने द्यावीत, तितकीच या शाळेलाही दिली पाहिजेत.