रेडिओचे दोन कान

१९९१ साली मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी मामा अमेरिकेतून आले ते एक मोठा रिसीव्हर घेऊनच. आमच्याकडे तोवर आजोबांचा लाकडी पेटीतला, व्हॉल्व्हचा रेडिओ होता. आवाज लहानमोठा करायचे बटण सोडले तर त्याला दोनच मोठी बटणे होती. उजवे फिरवले की काचेमागचा काटा सरके, डावे फिरवले की आवाज ‘जाडा’ किंवा ‘बारीक’ होई. घरात त्यांना रेडिओचे कान म्हणत.

नव्या यंत्रावर काटा नव्हताच. हिरवे आकडे उमटत आणि कळ दाबली की ते पुढेमागे होत. आजोबांना सकाळच्या बातम्या हव्या होत्या. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, हे त्यांना पाठ होते. पण यंत्र ७८०, ७९०, ८०० असे दहादहाच्या ढांगा टाके. ७९० वर निवेदकाचा आवाज येई, पण फाटका आणि फसफसणारा. आजोबांनी ट्रेबलचे बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. उपयोग शून्य. मामा खजील झाले. एवढे महागाचे यंत्र आणि साध्या बातम्या लागत नाहीत!

शेवटी तापकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांना बोलावले. त्यांनी यंत्र न उघडता नुसते पाठमोरे केले, मागची एक छोटी कळ नखाने सरकवली आणि म्हणाले, “आजोबा, हा अमेरिकेचा पाहुणा आहे, दहाच्या पाढ्यावर चालतो. आपल्याकडे नऊचा पाढा.” समोर ७९२ आकडा उमटला आणि आवाज स्वच्छ झाला.

ती कळ तिथे का होती, आणि ट्रेबल फिरवून जे साधले नाही ते तिने कसे साधले, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. त्याचे उत्तर रेडिओच्या या दोन कानांच्या इतिहासात आहे.

सूर जुळवणे

सुरुवातीच्या बिनतारी यंत्रांना ट्यूनिंगचा कान नव्हताच. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये ठिणगी पाडून विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. पण ठिणगी म्हणजे टाळी वाजवण्यासारखे. तिच्यात एक सूर नसतो, अनेक वारंवारतांचा गोंधळ असतो. पकडणारी साधने, म्हणजे धातूचा कीस भरलेल्या काचेच्या नळ्या, हीसुद्धा ‘काहीतरी आले’ एवढेच सांगत. दोघेजण एकदम संदेश पाठवू लागले तर दोघांचेही संदेश बिघडत.

इंग्लंडमधील ऑलिव्हर लॉज यांनी १८८९च्या सुमारास एक सुंदर प्रयोग केला. विद्युतभार साठवणाऱ्या दोन लेडन बरण्या घेऊन त्यांनी प्रत्येकीला तारेचा एक फेरा जोडला. एका बरणीत ठिणगी पाडली की थोड्या अंतरावरच्या दुसरीतही ठिणगी पडे. मात्र दोन्ही फेऱ्यांची लांबी बरोबर जुळली असेल तरच. दुसऱ्या फेऱ्यातील सरकती तार थोडी पुढेमागे केली की ठिणगी बंद.

सतार पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. वरची तार छेडली की तिच्या सुराशी जुळवलेली तरफ आपोआप झंकारते, बाकीच्या गप्प राहतात. हाच अनुनाद. इंग्रजीत ‘ट्यूनिंग’ म्हणजे सूर जुळवणेच. रेडिओचे बटण हे मूळच्या अर्थाने खुंटीच आहे.

लॉज यांनी १८९७ मध्ये या जुळणीचे पेटंट मागितले. गुल्येल्मो मार्कोनी यांचे ७७७७ क्रमांकाचे प्रसिद्ध पेटंट १९०० सालचे. दोघांमधला वाद पुढे बरीच वर्षे चालला आणि अखेर मार्कोनींच्या कंपनीला लॉज यांचे पेटंट विकत घ्यावे लागले. दरम्यान मार्कोनी सांगत होते की, आमची यंत्रे जुळवलेली असल्याने आमच्या संदेशांत कोणी ढवळाढवळ करू शकत नाही. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते आणि कॉर्नवॉलहून मार्कोनींचा संदेश यायचा होता. तो येण्याआधीच सभागृहातल्या यंत्रावर भलतीच थट्टेची वाक्ये उमटू लागली! नेव्हिल मॅस्केलाइन नावाच्या जादूगाराने जवळच एक साधे प्रेषक यंत्र लावले होते. फ्लेमिंग संतापले, पण मॅस्केलाइन यांनी दाखवले ते खरेच होते. जुळवणी म्हणजे कुलूप नव्हे. कानाशी कोणी ओरडले तर दूरचा जुळलेला सूरही बुडतो.

तीन बटणांची कसरत

रेडिओत तरफेच्या तारेचे काम कॉइल आणि धारित्राची जोडी करते. दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी वारंवारता व्यस्त प्रमाणात असते. मध्यम लहरींचा पट्टा साधारण ५४० पासून १६०० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सुमारे तिप्पट. म्हणून एवढा पट्टा फिरायला धारित्राचे मूल्य सुमारे नऊपट बदलावे लागते. जुन्या रेडिओत एकमेकींत शिरणाऱ्या अर्धगोल पत्र्यांची जी चळत दिसे, ती याच कामासाठी.

एकच जोडी पुरेशी नसे. शेजारशेजारची केंद्रे वेगळी करायची तर चाळणीमागून चाळणी लागे. १९२०च्या दशकातल्या अनेक संचांवर त्यामुळे तीन-तीन ट्यूनिंग बटणे असत आणि ती तिन्ही एकाच केंद्रावर आणावी लागत. एखादे केंद्र सापडले की लोक तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवत. दुसऱ्या एका प्रकारच्या संचात बटण थोडे जास्त फिरले की संच शिटी घालू लागे आणि स्वतःच प्रेषक बनून शेजाऱ्यांचे रेडिओ बिघडवे. म्हणजे रेडिओ ऐकणे हे कसबाचे काम होते.

ही कसरत संपवणारी कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आली. फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही आणि अमेरिकी सैन्यातर्फे पॅरिसमध्ये असलेले एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१७-१८ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. तिचे नाव सुपरहेटरोडाइन. जवळजवळ सारख्या वारंवारतेचे दोन नादकाटे एकदम वाजवले की विस्पंद ऐकू येतात, हे आपण वर्गात दाखवतो. इथले तत्त्व त्याच्या जवळचे आहे. रेडिओ स्वतःच आत एक लहर तयार करतो, ती आलेल्या लहरीत मिसळतो आणि दोन वारंवारतांमधील फरक तेवढा पुढे घेतो. हा फरक नेहमी एकच ठेवायचा, बहुतेक संचांत ४५५ किलोहर्ट्झ. पुण्याच्या ७९२ साठी आतली लहर १२४७ ची. मुंबईच्या ५५८ साठी १०१३ ची. वजाबाकी दोन्हीकडे तीच. त्यामुळे पुढच्या साऱ्या चाळण्या कारखान्यातच ४५५ ला एकदा जुळवल्या की झाले.

अमेरिकेत असा घरगुती संच १९२४ मध्ये विक्रीला आला. पुढे उरलेली धारित्रेही एकाच दांड्यावर बसवली गेली. आपल्याकडचे कारागीर या धारित्राला ‘गँग’ म्हणतात ते यावरूनच. एका दांड्यावरची ही टोळीच. तीन बटणांचे एक झाले. १९३५ पासून जुळणी बरोबर झाली की नाही हे दाखवणारा हिरवा ‘जादूचा डोळा’ही आला. आजोबांच्या रेडिओला तो होता.

दुसरा कान

आता टोनचे बटण. सुरुवातीचे टोनचे बटण फक्त एकच काम करी, वरचे सूर कापून खरखर झाकणे. आवाज ‘जाडा’ होई तो यामुळे. पण १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी माणसाच्या कानाची मोजमापे प्रसिद्ध केली आणि प्रश्न नुसत्या खरखरीचा नाही हे स्पष्ट झाले. आपला कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. हलक्या आवाजात खर्जाचे सूर त्याला फारच कमी ऐकू येतात. १००० हर्ट्झच्या हलक्या सुराइतकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या सुराची तीव्रता हजारपटीहून अधिक लागते. मैफलीत भरदार वाटलेला तबल्याचा डग्गा रात्री हळू आवाजात लावलेल्या ध्वनिमुद्रणात बारीक होतो, तो यामुळे. पुढे संचांवर ‘लाउडनेस’ची कळ आली ती ही तूट भरून काढण्यासाठीच.

म्हणजे बेस आणि ट्रेबल वेगवेगळे वाढवता-कमी करता यायला हवेत, आणि बटण मध्यावर असताना संचाने स्वतःचे काहीच मिसळता कामा नये. हे सुबकपणे साधणारे मंडल ब्रिटिश अभियंते पीटर बॅक्सँडॉल यांनी ऑक्टोबर १९५२ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापले. थोडेसे रोध, थोडी धारित्रे आणि ऋण प्रतिभरण, बस्स. त्यांनी यावर हक्क सांगितला नाही. जगभरच्या कारखान्यांनी ते उचलले. घरातल्या संचावर बेस आणि ट्रेबलची जोडी दिसली तर आत बहुधा बॅक्सँडॉल यांचेच मंडल किंवा त्याचे भावंड असते.

पण या बटणाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. ते आलेल्या सुरांचे प्रमाण बदलते, न आलेले सूर निर्माण करत नाही. मध्यम लहरींवर केंद्रे नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने असल्याने त्यांचा आवाज साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतच ठेवण्याकडे कल असतो. त्यावर ट्रेबल वाढवले तर वाढते ती मुख्यतः खरखर. आणि चुकीच्या ठिकाणी जुळवल्याने फाटलेला आवाज तर टोनने कधीच शिवला जात नाही. आजोबा त्या दिवशी एका कानाचे दुखणे दुसऱ्या कानाला औषध लावून बरे करू पाहत होते.

करारात शिरलेले बटण

खरखरीवर मुळातूनच उपाय शोधला तो पुन्हा आर्मस्ट्राँग यांनीच. एफ.एम. पद्धतीची त्यांची पेटंटे डिसेंबर १९३३ ची. एफ.एम.मध्ये उरलेली खरखर मुख्यतः वरच्या सुरांत असते. म्हणून केंद्राने वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवायचे आणि घरच्या संचाने ते तेवढेच कमी करायचे, असे ठरले. सूर मूळपदावर येतात, खरखर मात्र कमी होते. हे एक टोनचे बटणच आहे. फक्त ते आत असते आणि श्रोत्याला दिसत नाही. अमेरिकेत त्याचे प्रमाण ७५ मायक्रोसेकंद ठरले, भारतात आणि युरोपात ५०. त्यामुळे अमेरिकी संच आपल्या केंद्रांचे वरचे सूर जरुरीपेक्षा जास्त, सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत उतरवतो. आमच्या यंत्रावर पुढे एफ.एम. ऐकू लागलो तेव्हा ते किंचित मळकट का वाटे, याचे कारण हे. इथे मात्र ट्रेबल थोडे उजवीकडे फिरवणे हाच योग्य उपाय होता!

आर्मस्ट्राँग यांना या शोधाचे सुख लाभले नाही. १९४५ मध्ये अमेरिकी शासनाने एफ.एम.चा पट्टा उचलून वर नेला आणि लोकांच्या घरातले जुने एफ.एम. संच निकामी झाले. मोठ्या कंपन्यांशी पेटंटचे खटले लढता लढता ते खचले आणि १९५४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांची पत्नी मॅरियन यांनी खटले पुढे चालवले. शेवटचा त्यांनी १९६७ मध्ये जिंकला. भारतात एफ.एम. प्रक्षेपण १९७७ मध्ये मद्रासला सुरू झाले.

आणि नऊचा पाढा? मध्यम लहरी रात्री शेकडो किलोमीटर पसरतात, देशांच्या सीमा जाणत नाहीत. म्हणून १९७५ मध्ये जिनिव्हाला झालेल्या परिषदेत आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडील केंद्रांसाठी नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्या ठरल्या. ही योजना १९७८ पासून लागू झाली. अमेरिका खंडांनी दहाची पायरी कायम ठेवली. काट्याच्या रेडिओला याने काही फरक पडत नव्हता, कारण काटा कुठेही थांबू शकतो. आकडे मोजत चालणाऱ्या यंत्राला मात्र कोणता पाढा म्हणायचा ते सांगावे लागते. मागची कळ तेवढेच सांगत होती.

पाचवी-सहावीच्या मुलांना हे तपासायला द्यावे. मुंबईचे ५५८ आणि १०४४, पुण्याचे ७९२ : अंकांची बेरीज करा, नऊने भाग जातो का पाहा. तुमच्या भागात मध्यम लहरींवर एखादे केंद्र लागत असेल तर त्याचाही आकडा घ्या. मोठ्या मुलांनी ३,००,००० ला ५५८ ने भागावे, ५३७.६ मीटर ही तरंगलांबी मिळेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना कदाचित ती पाठ असेल.

ट्यूनिंगच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते. म्हणून ते काम हळूहळू माणसाच्या बोटांकडून यंत्राकडे गेले. टोनच्या प्रश्नाला तसे उत्तर नाही, कारण त्यात खोली येते, आवाजाची पातळी येते आणि ऐकणाऱ्याचा कान येतो. आजोबा ट्रेबल नेहमी पार उजवीकडे ठेवत, मला ते कर्कश वाटे आणि मी गुपचूप मध्यावर आणून ठेवी. यावरून आमची रोज भांडणे होत. वयाबरोबर आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक त्याच सुरांत असतो आणि आजोबा बातम्यांतले शब्द शोधत होते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. ते यंत्र आता माझ्याकडे आहे. अलीकडे माझी मुलगी तक्रार करते की, मी ट्रेबल फार वाढवून ठेवते.