तळटीप : ‘आश्विन’ की ‘कार्तिक’?

उधारीच्या तारखेतला हा महिन्याचा फरक दुकानदाराची लबाडी समजू नये. हा हिशेब ग्वाल्हेरच्या लष्करातला, आणि लष्कर हे दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१०च्या सुमारास वाढलेले शहर. तिथले मराठी घर अमान्त महिना आणि शक धरी. बाजारातला वाणी पौर्णिमान्त महिना आणि विक्रम संवत. शुद्ध पक्षात दोघांचा महिना जुळतो, वद्य पक्षात वाण्याचा एकाने पुढे असतो. म्हणजे घरच्या टिपणात आश्विन वद्य १२ ला आणलेला गूळ दुकानाच्या वहीत ‘कार्तिक वदी १२’ ला नावे पडतो. लक्ष्मीपूजनही त्या हिशेबाने कार्तिकातलेच.

कोणी म्हणेल, वही लिहिणारा एकटा वाणी, तीही काना-मात्रा गाळणाऱ्या मुडिया लिपीत. गिऱ्हाइकाला काय कळणार? शंका रास्त आहे, पण ती मुख्यतः खतावणीपुरती. खतावणीत एखाद्याच्या नावाखाली रक्कम मागाहून घुसवणे सोपे. रोजकीर्दीत नोंदी घडतील त्या क्रमाने, ओळीखाली ओळ पडतात, वर जमा-नावेचा मेळ. तिथे जागाच सापडत नाही. अमेरिकेतल्या जुन्या खेड्यांच्या दुकानांतही हीच जोडी होती: दिवसाची नोंदवही आणि तीवरून उतरवलेले खाते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८७२च्या पुरावा कायद्याने (कलम ३४) नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद ग्राह्य धरली, मात्र केवळ तेवढ्यावर कुणाला देणेकरी ठरवू दिले नाही. दुकानाच्या नोंदीशेजारी घरचे टिपण ठेवायचे ते याचसाठी, आणि म्हणून दोन्ही तिथ्या न बदलता छापल्या आहेत.